विज्ञानातली पीएच.डी. आणि जेमतेम गुण : हिंगोली जिल्ह्यापुरता एक आढावा

हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ, वसमत. या पाचपैकी कोणत्याही तालुक्याच्या महाविद्यालयातून बी.एस्सी. करून एम.एस्सी.पर्यंत पोचलेल्या मुला-मुलींच्या मनात एक प्रश्न हमखास असतो. बी.एस्सी.ला पंचावन्न-साठ टक्के, मध्ये एखादी एटीकेटी, इंग्रजी कामापुरते, घरात आधी कोणी पदवीधर नाही. अशा आपल्याला विज्ञानात पीएच.डी. करता येईल का? हा प्रश्न वर्गात सहसा कोणी विचारत नाही, कारण उत्तराची धास्ती असते. उत्तर 'हो' असे आहे, आणि ते धीर देण्यापुरते नाही. नियम, परीक्षा, पैसा, मार्गदर्शक आणि तयारी असे पाच भाग करून पाहिले, तर जेमतेम गुण पहिल्या दोन भागांत फार आडवे येत नाहीत. खरी पोकळी तयारीत आहे, आणि ती भरून काढायचे काम एकट्या विद्यार्थ्यावर टाकून चालणार नाही, हे या लेखाचे म्हणणे आहे.

उशिरा उघडलेली दारे

मराठवाड्यात उच्च शिक्षण उशिरा आले. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता. विद्यापीठ हैदराबादला आणि शिक्षणाचे माध्यम उर्दू. १९५० मध्ये औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय आणि नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले. मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी स्थापन झाले, तर नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी. हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला तोच मुळी १ मे १९९९ रोजी, परभणीतून वेगळा होऊन. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास होती, आणि त्यातली बहुतांश खेड्यांत राहणारी.

आज हिंगोलीचे आदर्श, वसमतचे बहिर्जी स्मारक, सेनगावचे तोष्णीवाल, औंढ्याचे नागनाथ अशी महाविद्यालये तालुक्याच्या ठिकाणी विज्ञान शिकवतात. चार दशकांपूर्वी ज्या घरातल्या मुलाला बारावीनंतर परभणी किंवा नांदेड गाठावे लागे, त्याच घरातली मुलगी आता एस.टी.ने येऊन-जाऊन बी.एस्सी. करते. पुण्या-मुंबईतल्या काही घरांत प्राध्यापकांची तिसरी पिढी नांदते आहे, तर इथे पदवीधरांची पहिली पिढी घडते आहे. 'पार्श्वभूमी बेताची' हा शेरा विद्यार्थ्याच्या कुवतीवर मारला जातो, पण तो जास्त लागू पडतो या इतिहासाला.

नियम काय म्हणतात

विद्यापीठ अनुदान आयोगाचे पीएच.डी.विषयीचे सध्याचे नियम नोव्हेंबर २०२२ चे आहेत. तीन वर्षांची पदवी आणि त्यावर दोन वर्षांची एम.एस्सी. केलेल्या विद्यार्थ्याला एम.एस्सी.ला ५५ टक्के लागतात. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमी लेयर इतर मागासवर्ग, दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना ५ टक्क्यांची सवलत आहे. कालावधी किमान तीन वर्षे आणि कमाल सहा. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना आणखी दोन वर्षे मिळू शकतात. महिलांसाठी २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजेची तरतूद आहे. नोकरी सांभाळून, कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन अर्धवेळ पीएच.डी.ही करता येते. एम.फिल. बंद झाले. प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापून आणण्याची देशपातळीवरची सक्ती काढली गेली, मात्र विद्यापीठे स्वतःच्या अटी घालू शकतात.

चार वर्षांच्या नव्या पदवीनंतर थेट पीएच.डी.चे दारही याच नियमांनी उघडले, पण तिथे ७५ टक्के हवेत. जेमतेम गुणांच्या विद्यार्थ्याने या दारापाशी खोळंबून राहू नये. दोन वर्षांची एम.एस्सी. ही त्याच्यासाठी दुसरी संधी आहे. बी.एस्सी.त राहून गेलेले या दोन वर्षांत भरून निघाले, तर पात्रतेच्या नियमात बी.एस्सी.च्या गुणांना फारसे स्थान उरत नाही. काही राष्ट्रीय संस्था प्रथम श्रेणी किंवा ६० टक्के मागतात, म्हणून प्रत्येक जाहिरात नीट वाचायला हवी. पण विद्यापीठांच्या बाबतीत ५५ टक्क्यांची रेषा एकदा ओलांडली, की पुढची निवड परीक्षेवर आणि मुलाखतीवर होते.

परीक्षा : गुणपत्रिकेपेक्षा मोठी संधी

नांदेड आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठांत 'पेट' म्हणजे पीएच.डी. प्रवेश परीक्षा हा शब्द विद्यार्थ्यांच्या तोंडी असतो. तिच्या जोडीला, मार्च २०२४ मध्ये आयोगाने ठरवले की नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे गुणही पीएच.डी. प्रवेशासाठी वापरता येतील. निकाल आता तीन गटांत लागतो : जेआरएफसह (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीसह) पात्र, सहायक प्राध्यापकपदासाठी पात्र आणि फक्त पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र. शेवटच्या दोन गटांतल्यांच्या प्रवेशात नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असते, आणि हे गुण एक वर्ष चालतात. जेआरएफ हुकली तरी प्रयत्न वाया जात नाही, ही यातली मोलाची गोष्ट.

विज्ञानासाठीची सीएसआयआर-नेट रसायन, भौतिक, गणित, जीवशास्त्र आणि भूविज्ञान अशा पाच विषयगटांत होते. तीन तास, २०० गुण. त्यातले ३० गुण पहिल्या भागाला, म्हणजे शेकडेवारी, आलेख, तर्क, वेळ-वेग-अंतर यांना. हा भाग दहावीच्या गणितावर उभा आहे, आणि अनेक जण इथेच गुण गमावतात, कारण अकरावीनंतर या गोष्टींना त्यांनी हात लावलेला नसतो. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, मराठीत नसते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याची अडचण इंग्रजी बोलण्यात कमी आणि लांबलचक प्रश्न एका दमात वाचून त्यातली अट पकडण्यात जास्त असते. जुन्या प्रश्नपत्रिका रोज सोडवल्या, तर हा अडथळा काही महिन्यांत ओसरतो.

याशिवाय भौतिकशास्त्रासाठी जेस्ट, अभियांत्रिकी आणि काही विज्ञान शाखांसाठी गेट, टीआयएफआरची स्वतंत्र परीक्षा, आयसर आणि आयुकाच्या निवडप्रक्रिया आहेत. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आयसर, आयुका आणि आघारकर संस्था हिंगोलीहून एका रात्रीच्या प्रवासावर आहेत. तरी या संस्थांत मराठवाड्यातल्या छोट्या महाविद्यालयांतून येणारे अर्ज थोडेच, कारण या परीक्षांची नावेही एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रात कळतात.

पैसा आणि घर

शेतकरी किंवा शेतमजूर घरासाठी पाच वर्षे न कमावणे हा मोठा निर्णय असतो. जेआरएफ मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,००० रुपये आणि वसतिगृह नसेल तर घरभाडे मिळते. एवढ्या पैशात विद्यार्थी स्वतःचा खर्च भागवून घरी हातभार लावू शकतो. ती न मिळाल्यास राज्याच्या बार्टी, सारथी, महाज्योती आणि आदिवासी संशोधन संस्था यांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. विद्यापीठात एम.एस्सी.ला पहिला आलेल्यासाठी केंद्राची इन्स्पायर फेलोशिपही आहे.

कागदावर योजना पुरेशा आहेत, हप्ते मात्र वेळेवर येत नाहीत. जागा किती, कोणत्या तारखेपासून लाभ द्यायचा यावर वाद झाले, आणि संशोधक विद्यार्थ्यांना मुंबईच्या आझाद मैदानात आंदोलनाला बसावे लागले. डिसेंबर २०२३ मध्ये विधिमंडळाच्या नागपूर अधिवेशनात पीएच.डी. करून नेमके काय साधणार, अशा अर्थाचा सवालही झाला. त्याचे उत्तर नीट द्यायला हवे. ज्या भागात पीएच.डी. झालेली माणसे थोडी आहेत, तिथले प्रश्न अभ्यासणारी माणसेही थोडीच असतात, आणि मग त्या भागाविषयीचे निर्णय दुसरीकडे बसून घेतले जातात. अधिछात्रवृत्ती हा त्या भागाच्या ज्ञानावर केलेला खर्च आहे. तो दर महिन्याला ठरलेल्या तारखेला पोचला पाहिजे, एवढी साधी मागणी आहे.

मुलींच्या बाबतीत घरचे गणित वेगळे असते. एम.एस्सी. झाली की स्थळे येऊ लागतात, आणि पुण्याला पाच वर्षे राहण्याची परवानगी मिळवणे हेच पहिले मोठे काम ठरते. टीआयएफआरचा 'विज्ञान विदुषी' हा भौतिकशास्त्राच्या एम.एस्सी. विद्यार्थिनींसाठीचा उन्हाळी उपक्रम अशा वेळी उपयोगी पडतो. थोड्या दिवसांसाठी संस्थेत जाऊन आलेल्या मुलीला आणि तिच्या आई-वडिलांना पुढचा निर्णय घेणे सोपे जाते.

तयारीतली पोकळी

सर्वांत कमी बोलला जाणारा भाग हाच. राज्यभरच्या अनेक महाविद्यालयांत प्रॅक्टिकलचे जर्नल आदल्या वर्षीच्या वहीवरून पूर्ण होते. टायट्रेशनची तीन रीडिंगे १०.२, १०.२, १०.२ अशी एकसारखी लिहिली जातात. ब्युरेट खरोखर तीनदा चालवले तर १०.१, १०.३, १०.२ असे काहीतरी येते. मग 'चुकले' म्हणून विद्यार्थी ते खोडतो. वास्तविक संशोधनाची सुरुवात त्याच फरकातून होते : हा फरक नजरेचा, उपकरणाचा की द्रावणाचा, हे शोधणे. तीन वर्षे फरक लपवायची सवय लागलेल्या हाताला पीएच.डी.त अचानक तो जपायला सांगितले जाते. बेताच्या पार्श्वभूमीची खरी किंमत इथे मोजावी लागते, आणि ९० टक्के गुण मिळवलेल्यालाही ती चुकत नाही.

याच जिल्ह्यातले एक उदाहरण घेऊ. वसमतची हळद सगळीकडे जाते, आणि तिचा भाव करक्यूमिनच्या प्रमाणाशी जोडला जातो. एखाद्या विद्यार्थिनीने 'आमच्या भागातल्या हळदीतले करक्यूमिन' असा विषय घेतला तर तो घरगुती वाटतो, पण त्यात विज्ञान ठासून भरलेले आहे. पुडीचा अर्क अल्कोहोल किंवा ॲसिटोनमध्ये काढायचा, पिवळ्या द्रावणाचे सुमारे ४२५ नॅनोमीटरवर शोषण मोजायचे, इथवर बी.एस्सी.ची प्रयोगशाळा पुरते. पण हे मोजमाप करक्यूमिन आणि त्याची दोन जवळची भावंडे यांना वेगळे ओळखत नाही, तिघांची बेरीज दाखवते. ती वेगळी करायला एचपीएलसी लागते, आणि त्यासाठी नमुने विद्यापीठात किंवा आयआयटी मुंबईसारख्या ठिकाणच्या सामायिक उपकरण केंद्रात पाठवावे लागतात. शिवाय नमुना कोणत्या शेतातला, हळद किती वेळ शिजवली, उन्हात किती दिवस वाळली, पॉलिश केली की नाही, या नोंदी नसतील तर आकडा निरर्थक. त्या नोंदी घेणे शेतकऱ्याच्या लेकीला पुण्यातल्या संशोधकापेक्षा सोपे आहे.

त्याच विषयाची दुसरी बाजूही तिला माहीत हवी. २०१७ मध्ये 'जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री'त आलेल्या एका मोठ्या परीक्षणाने दाखवले की करक्यूमिन शरीरात टिकत नाही, फारसे शोषले जात नाही, आणि अनेक चाचण्यांत खोटे सकारात्मक निकाल देते. औषधी गुणांचे शेकडो निबंध त्यामुळे पुन्हा तपासावे लागतात. हे वाचलेली विद्यार्थिनी मुलाखतीत उठून दिसेल, तिची गुणपत्रिका कशीही असो.

जिल्ह्यात असे आणखीही विषय आहेत. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून आवाज येतात. २१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे भूकंप नोंदले गेले. आणि औंढा नागनाथजवळ दुधाळा परिसरात लायगो-इंडिया उभी राहत आहे : चार-चार किलोमीटरच्या दोन बाहूंची गुरुत्वीय लहरींची वेधशाळा. तिला फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी मिळाली. तिच्या कामात लेसर, निर्वात तंत्र, भूकंपशास्त्र आणि संगणन या सगळ्यांना जागा आहे. यासाठी वेधशाळा पूर्ण होण्याची वाट पाहायची गरज नाही. अमेरिकेतल्या लायगोने १४ सप्टेंबर २०१५ रोजी टिपलेल्या पहिल्या लहरीची माहिती सर्वांसाठी मोफत खुली आहे. ३२ सेकंदांची, सेकंदाला ४,०९६ नोंदींची फाइल म्हणजे १,३१,०७२ आकडे. साध्या लॅपटॉपवर, पायथन शिकत, त्या गोंगाटातून दोन कृष्णविवरांच्या टकरीची खूण बाहेर काढता येते. बी.एस्सी. तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी हे एका सुट्टीत करू शकतो.

गाइड आणि निबंध

पीएच.डी.चे भवितव्य विद्यापीठाच्या नावापेक्षा गाइडवर जास्त ठरते. नियमानुसार प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी एका वेळी असू शकतात. जागा मोजक्या म्हणून जो मिळेल तो गाइड धरण्याची घाई होते. नोंदणीआधी तीन गोष्टी तपासाव्यात : त्यांच्या मागच्या विद्यार्थ्यांना किती वर्षे लागली, ते आज कुठे आहेत, आणि गाइडचे अलीकडचे निबंध कोणत्या नियतकालिकांत आहेत. पहिल्या दोन गोष्टी त्या विद्यार्थ्यांनाच विचाराव्यात. त्यांचे प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या 'शोधगंगा'वर बहुधा सापडतात.

तिसऱ्या गोष्टीचे महत्त्व एका अभ्यासाने सिद्ध केले आहे. २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये पुण्यातील भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी आयोगाच्या मान्य नियतकालिकांच्या यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली १,००९ नियतकालिके तपासली. त्यांतली ८८ टक्के प्राथमिक निकषांतच बसली नाहीत. पैसे भरून आठवड्यात निबंध छापून देणाऱ्या नियतकालिकात नाव आले, तर पुढच्या मुलाखतीत तेच नडते. इथे सगळ्यात आधी फसतो तो घरात सांगणारे कोणी नसलेला विद्यार्थी. चांगली नियतकालिके वाचायला मिळत नाहीत, ही अडचण आता कमी होऊ लागली आहे. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर झालेल्या 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेने सरकारी विद्यापीठांना सुमारे १३,००० नियतकालिके खुली केली. नांदेडच्या विद्यापीठात नोंदणी असलेल्या विद्यार्थ्याने हा हक्क वापरायला शिकले पाहिजे.

वाट काढलेली माणसे

डॉ. रघुनाथ माशेलकरांची कहाणी मराठी वाचकाला ठाऊक आहे : गोव्यातल्या माशेलचा जन्म, लहानपणीच वडिलांचे निधन, मुंबईत महापालिकेची शाळा, भावे सरांनी उन्हात भिंग धरून दाखवलेला प्रयोग, दरमहा ६० रुपयांची टाटा शिष्यवृत्ती, १९६९ ला यूडीसीटीतून पीएच.डी. १९६० च्या शालान्त परीक्षेत ते अकरावे आले होते, त्यामुळे गुणांच्या बाबतीत त्यांचे उदाहरण जसेच्या तसे लागू पडत नाही. पण चांगला शिक्षक आणि वेळेवर मिळणारी शिष्यवृत्ती या दोन गोष्टींनी काय होते, ते यातून दिसते. पुढे ते सीएसआयआरचे महासंचालक असताना, जखमेवर हळद लावण्याच्या उपयोगावर अमेरिकेत १९९५ ला दिले गेलेले पेटंट संस्थेने जुन्या ग्रंथांचे आणि निबंधांचे पुरावे देऊन आव्हानात नेले, आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. हळदीच्या जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याने हा लढा कागदपत्रांसह वाचावा.

दुसरे उदाहरण अधिक जवळचे. गडचिरोलीतल्या कुरखेडा तालुक्यातील चिरचाडीचे भास्कर हलामी. आश्रमशाळेत आणि पुढे केळापूरच्या शासकीय विद्यानिकेतनात शिक्षण, गडचिरोलीतून बी.एस्सी., नागपूरच्या विज्ञान संस्थेतून रसायनशास्त्रात एम.एस्सी., २००३ मध्ये तिथल्याच एलआयटीत सहायक प्राध्यापक आणि मग अमेरिकेतल्या मिशिगन टेक्नॉलॉजिकल विद्यापीठातून पीएच.डी. २०२२ मध्ये त्यांच्याविषयी बातम्या आल्या तेव्हा ते मेरीलँडमधल्या जैवतंत्रज्ञान कंपनीत आरएनएवर आधारित औषधांवर काम करत होते. त्यांच्या मार्गातला प्रत्येक टप्पा सार्वजनिक पैशातून किंवा शिष्यवृत्तीतून उभा राहिला होता. अमेरिकेत विज्ञानाच्या पीएच.डी.ला अध्यापन किंवा संशोधन साहाय्यकाचे मानधन आणि शुल्कमाफी बहुधा मिळते, युरोपात अनेक जागा पगारी नोकरी म्हणून जाहीर होतात. ही वाटही हिंगोलीच्या विद्यार्थ्यासाठी खुली आहे, आणि तिची माहिती एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षातच मिळायला हवी.

पीएच.डी.नंतर काय, हा प्रश्नही टाळून चालणार नाही. वरिष्ठ महाविद्यालयांतली भरती वर्षानुवर्षे अडकते, आणि पीएच.डी. झालेले शेकडो जण तासिका तत्त्वावर, सीएचबीवर शिकवतात. २०२३ पासून सहायक प्राध्यापक होण्यास नेट किंवा सेट ही किमान पात्रता आहे, पीएच.डी. सक्तीची नाही. म्हणून केवळ प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. करणे आजच्या घडीला शहाणपणाचे नाही. औषध कंपन्या, बियाणे आणि खाद्यपदार्थ तपासणी, माहिती विश्लेषण, राष्ट्रीय प्रयोगशाळा यांत चालणारे कौशल्य हातात येईल असा विषय निवडला, तर पदवी घेऊन दारोदार हिंडावे लागत नाही.

काय करायला हवे

विद्यार्थ्याने एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासून एक वही फक्त खऱ्या रीडिंगांची ठेवावी, आठवड्याला एक शोधनिबंध शब्दकोश घेऊन वाचावा, नेटचा पहिला भाग रोज सोडवावा, आणि विज्ञान अकादमींच्या उन्हाळी शिष्यवृत्तीसाठी अर्ज करावा. गणिताच्या विद्यार्थ्याने १९९३ पासून चालणाऱ्या एमटीटीएस शिबिराला जावे.

महाविद्यालयांनी बी.एस्सी. दुसऱ्या वर्षापासून या परीक्षांची तोंडओळख करून द्यावी, प्रॅक्टिकलमध्ये एकसारख्या रीडिंगांना गुण देणे थांबवावे आणि दर वर्षी निदान दोन विद्यार्थ्यांना पुण्यातल्या किंवा मुंबईतल्या प्रयोगशाळेत सुट्टीभर पाठवावे. परभणीचे कृषी विद्यापीठ, नांदेडचे विद्यापीठ आणि लायगोशी जोडलेल्या संस्था जिल्ह्यातल्या शिक्षकांनाच आधी प्रशिक्षण देऊ शकतात. एक शिक्षक तयार झाला, की त्याच्या हाताखालून वीस वर्षे विद्यार्थी जातात. शासनाने अधिछात्रवृत्तीची तारीख पाळावी आणि प्राध्यापकांची रिक्त पदे भरावीत.

आज बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असलेला विद्यार्थी पाच वर्षांनी एम.एस्सी. होईल, आणि त्याच सुमारास लायगो-इंडियाला हाताने काम करणारी माणसे लागतील. त्यांत औंढ्याचे आणि सेनगावचे किती असतील, हे या पाच वर्षांत जिल्ह्याच्या प्रयोगशाळांमध्ये काय शिकवले जाते यावर ठरेल. त्यासाठी नव्या इमारतीची किंवा नव्या योजनेची गरज नाही. येत्या सत्रापासून एक महाविद्यालय, दोन शिक्षक आणि आठवड्याचा एक तास एवढ्यावर सुरुवात करता येते, आणि ती व्हायलाच हवी.